गाणं म्हणा, पण मधेच थांबा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मधे अंगणवाड्या 'सक्षम' करायची बातमी होती, एलईडी टीव्ही, पाण्याचं फिल्टर, रंगरंगोटी वगैरे. चांगलंच आहे, मिळत असेल तर नको कोण म्हणेल, आमच्या खोलीचं छत आधी दुरुस्त केलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं एवढंच. पण ती बातमी वाचून गावात पारावर बोलणं निघालं आणि एक आजोबा मला म्हणाले, "बरं झालं बाई, आमचा नातू दोन वर्षाचा झाला तरी बोलंना, आता तुमच्या टीव्हीपुढं बसंल अन् शिकंल बोलायला." मी म्हणलं आबा, टीव्हीपुढं बसून लेकरू गप्प बसायला शिकतं, बोलायला नाही. लेकराला गाण्याखेळातून बोलतं कसं करायचं ते तिथं उभ्या उभ्या सगळं सांगणं झालं नाही म्हणून इथं लिहितेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

उशिरा बोलणारी लेकरं आता गावोगाव दिसतात आणि घरोघर त्याची ठरलेली उत्तरं तयार असतात. बाप बी उशिराच बोलला होता. पोरगं आहे, पोरी लवकर बोलतात. जीभ जड आहे. मग पोपटाचा उष्टा पेरू शोधत फिरायचं, वेखंड उगाळून मधात चाटवायचं, कुणीतरी सांगितलं म्हणून जिभेखालचं कातडं कापून आणायचं. यातलं थोडंसं खरं पण आहे बरं का, पोरं पोरींपेक्षा जरा मागं असतात, पण तो फरक महिना दोन महिन्याचा, वर्षाचा नाही. जिभेखालचं कातडं आखूड असलं तर काही उच्चार अडतील, पण त्यामुळं लेकरू शब्दच काढत नाही असं होत नसतं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये, त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते, हे तर डॉक्टर सांगून सांगून थकले.

दोन वर्षाच्या शंभर लेकरांत साधारण दहा-पंधरा अशी उशिरा बोलणारी असतात आणि त्यातली बरीचशी तीन-चार वर्षापर्यंत आपोआप बरोबरीला येतात, हे खरंय. म्हणूनच "बोलंल की" म्हणणाऱ्या आजीचं पुष्कळदा खरं होतं आणि तिचा रुबाब टिकून राहतो. गोची अशी की कोणतं लेकरू आपोआप येणार आणि कोणतं मागंच राहणार हे दोन वर्षाच्या पोराकडं बघून नुसतं कळत नाही.

ढोबळ हिशेब सांगते. वर्षाच्या आसपास आई, बाबा असं काहीतरी ओळखून म्हणायला लागावं, दीड वर्षाला त्याशिवाय आणखी चार-दोन शब्द यावेत, दोन वर्षाला पन्नासच्या आसपास शब्द आणि दोन शब्द जोडणं, "आई ये", "दूध दे", "बाबा गेला" असं. आता पन्नास म्हणलं की आया घाबरतात. पण मोजायचं कसं ते बघा. गाईला "हम्मा", कुत्र्याला "भूभू", जेवणाला "मम्मं", बाहेर जायला "भूर", लागलं की "बाऊ", हे सगळे शब्दच आहेत. "पाणी"ला "पा" म्हणत असेल आणि दरवेळी पाण्यालाच म्हणत असेल तर तो पण एक शब्द धरायचा. एक माय माझ्याकडं येऊन म्हणाली काहीच बोलत नाही हो बाई. तिला बसवलं, तिच्याच बोटाच्या पेरांवर मोजायला लावलं, एका हाताची पेरं संपून दुसऱ्या हातावर गेलो. वयाच्या मानानं कमीच होते, पण "काहीच नाही" आणि "पंधरा-सोळा" यात किती फरक आहे, तिच्या तोंडावरच कळला.

गाण्याच्या आधी एक महत्त्वाचं, ते म्हणजे कान. बोलत नाही म्हणलं की पहिली तपासणी कानाची. घरची तपासणी म्हणजे मागून ताट वाजवायचं आणि पोरगं दचकलं की "ऐकू येतंय चांगलं" म्हणायचं. ताटाचा आवाज केवढा मोठा असतो! थोडं कमी ऐकू येणारं लेकरूही त्याला दचकतंच, पण "स", "श", "फ" असले बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत, मग ते बोलणार कुठून. सारखी सर्दी, कान वाहणं, पडद्यामागं पाणी साठणं यानंही महिनोन् महिने ऐकणं मंद होतं. ओएई आणि बेरा अशा ऐकण्याच्या चाचण्या असतात, दुखत नाहीत, बेराच्या वेळी लेकरू झोपलेलं असलं की झालं. तान्ह्या बाळाचीसुद्धा होते. आपल्याकडं अजूनही मामाच्या नाहीतर आत्याच्या घरात सोयरीक करतात, नात्यात कुणी जन्मापासून बहिरं असेल आणि घरात असं लग्न झालं असेल तर वाट बघायचीच नाही, बाळ झाल्या झाल्या विचारायचं. जन्मापासून ऐकू येत नसलेल्या लेकराला सरकारी योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकायचं यंत्र, मिळतं पण त्याला पाच वर्षाच्या आतली अट आहे, आणि ऑपरेशन जितकं लवकर तितकं बोलणं चांगलं येतं. "शाळेत गेल्यावर बघू" म्हणणाऱ्यांची गाडी इथंच सुटते.

आता गाण्याकडं येते. बडबडगीतं सगळ्यांच्या घरात आहेत, आज्यांना पाठ आहेत, नवीन काही शिकायचं नाही. पण आपण काय करतो, गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत आपणच म्हणतो, टाळ्या आपणच वाजवतो, आणि संपलं की लेकराला म्हणतो "आता तू म्हण". ते कसं म्हणेल? त्याला आपण जागाच ठेवलेली नाही. गाणं मधेच थांबवायचं. शेवटचा शब्द खाऊन टाकायचा आणि त्याच्या तोंडाकडं बघत गप्प बसायचं. मनात हळूहळू पाच, वाटलं तर दहा मोजायचे. हे दहा आकडे फार जड जातात हो, मोठ्या माणसाला गप्प बसवत नाही, तिसऱ्या आकड्यालाच आजी सांगून मोकळी होते.

एक उदाहरण देते. आमच्या गावात एक लेकरू, अडीच वर्षाचं, कान तपासून आणलेले, ऐकायला व्यवस्थित, सांगितलेलं सगळं कळतंय पण तोंडातून चार-पाच शब्दांच्या वर काही नाही. त्याची माय संध्याकाळी भाकरी करताना ते शेजारी बसायचं परात वाजवत. तिला म्हणलं वेगळा वेळ काढू नको, भाकरीवरच गाणं कर. मी असंच जुळवून दिलं, यमकाकडं बघू नका:

थप थप थप, भाकर थाप,
गरम गरम निघते वाफ,
आजीला एक, आबाला एक,
बाळाच्या ताटात अजून ... एक!

रोज तेच गाणं, त्याच वेळी, त्याच चालीत. काही दिवस तिनं सगळं म्हणून दाखवलं. मग "थप थप" म्हणून हात वरच धरायचा, पिठाचा हात हवेत, भाकर परातीत अर्धी थापलेली, आणि पोराकडं बघत थांबायचं. पहिल्यांदा त्यानं नुसतं हाताकडं बघितलं. मग मायच्या तोंडाकडं. मग स्वतःच्या हातानं परातीवर एक थापटी मारली. तिनं लगेच "थप!" म्हणून भाकर थापली. थापटी हे पण उत्तरच आहे, ते घेतलं पाहिजे. असं बरेच दिवस थापटीवरच चाललं, सासू म्हणाली काय खुळेपणा लावलाय, भाकरी करपायलीत. मग एकदा ओठ मिटून "अप" आलं. थप नव्हे, "अप". आणि मायनं काय केलं तर "अप नाही रे, थप म्हण" असं केलं नाही, ते फार बरं झालं. तिनं "थप!" म्हणून जोरात भाकर थापली आणि हसली. पुढं "एक" यायला आणखी वेळ लागला. रातोरात पोपटासारखं बोलायला लागलं असं काही मी सांगणार नाही, अजूनही ते वयाच्या थोडं मागंच आहे, पण आता ते मागून घेतंय, आधी नुसतं ओढायचं आणि रडायचं.

हे गाण्यानं का जमतं तर पुढं काय येणार ते लेकराला माहीत असतं. साध्या बोलण्यात दर वाक्य नवीन, गाण्यात तेच ते परत येतं, सूर ताणून येतो, ओठ कसे मिटले ते दिसतं. म्हणून लेकराच्या समोर, त्याच्या उंचीला बसून म्हणायचं, कडेवर घेऊन मागून नाही. प, ब, म हे ओठावरचे आवाज आधी येतात, र आणि ळ फार नंतर, त्यामुळं दोन वर्षाचं पोरगं "लाल"ला "याय" म्हणत असेल तर चिंता करू नका आणि त्याला चिडवू तर अजिबात नका. सुरुवात करायची ती आवाजांनी करा, गाडीचं पीप पीप, ढोलाचं ढुम, चेंडू पडला धप्प. पोळ्याला मातीचे बैल घरोघर येतात, ते दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्याच्या फळीवर नका चढवू, लेकराच्या हातात द्या. बैल हाकताना "हुर्र" म्हणायला न बोलणारं लेकरू पण तयार होतं, कारण त्यात परीक्षा नाही.

खेळाचं पण तसंच. चेंडू हातात धरून "एक, दोन..." आणि थांबा. झोका धरून ठेवा, त्यानं आवाज काढला की सोडा. पदराआडून "भॉक" करताना पदर जरा जास्त वेळ धरा. घट्ट झाकणाच्या डब्यात मुरमुरे ठेवा (शेंगदाणे नको, एवढ्या लेकराला ठसका लागून श्वास अडकतो), डबा त्याच्या हातात द्या आणि तुम्ही दुसरीकडं बघितल्यासारखं करा. त्याला उघडता येणार नाही, ते तुमच्याकडं घेऊन येईल, तिथं "उघड" हा शब्द म्हणून दाखवायची वेळ. सगळं न मागता हातात मिळणाऱ्या लेकराला बोलायची गरजच पडत नाही, आणि आपल्याकडं तर एका लेकरामागं आजी, आत्या, काकू सगळ्या उभ्या, ते नुसतं बघायला लागलं की वाटी हजर. पण अडवून रडवायचं नाही हं, "बोल मगच देते" हा छळ आहे, थोडं थांबायचं आणि कसलाही आवाज, खूण काही आलं की द्यायचं.

आणि त्यानं एक शब्द म्हणला की तुम्ही दोन म्हणा. ते म्हणालं "पाणी", तुम्ही "थंड पाणी". ते "गाय", तुम्ही "गाय आली". बस्स. दिवसभर "हे काय? हे काय? काकांना नाव सांग" चालू असतं घराघरात, पाहुणा आला की अजूनच, त्यानं बोलणारं लेकरू पण गप्प होतं.

मोबाईलचं बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. मोबाईलमधलं गाणं कुणासाठी थांबत नाही. लेकरू म्हणो न म्हणो, ते आपलं पुढं पळतं, संपलं की दुसरं सुरू. मी अशी लेकरं बघितलीत ज्यांना इंग्रजी आकडे वीसपर्यंत येतात, रंगांची नावं येतात, पण तहान लागली तर मागता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच सांगितलंय की दोन वर्षाच्या आत स्क्रीन नकोच आणि त्यापुढं पाच वर्षापर्यंत दिवसाला तासाभराच्या वर नको, तो पण कमी असेल तितका बरा. आता मी आयांना दोष देत नाही. सकाळी डबे, मग खुरपणीला नाहीतर कापूस वेचायला, आल्यावर पुन्हा चूल, तिनं लेकरू कुठं ठेवायचं? पण बापाच्या मांडीवर पण लेकरू बसतं ना, त्याच्याच हातात तो मोबाईल असतो. अंघोळ घालताना, गोठ्यात, मोटारसायकलच्या टाकीवर बसवून शेतात नेताना, तिथं पण गाणं होतं. बाप्यांना गाणं म्हणायची लाज वाटते, भजनात कशी नाही वाटत मग?

भाषेचं पण एक आहे. तांड्यावरच्या बाया विचारतात, घरात गोरमाटी (बंजारा बोली) बोलतो म्हणून पोरगं गोंधळलंय का, मराठीच बोलू का. उर्दू बोलणाऱ्या घरात, तिकडं देगलूर-बिलोलीकडं तेलुगू बोलणाऱ्या घरात हाच प्रश्न. दोन भाषा कानावर पडल्यानं लेकरू मुकं राहत नाही. मायला जी भाषा मनापासून येते त्यात गावं, बोलावं. आणि शहरातले काही जण आजीला तंबी देतात की बाळासमोर गावठी बोलू नका, इंग्लिश मीडियमला घालायचंय. अहो, ती आजीच तर बोलते त्याच्याशी, तिला गप्प केलं तर मग राहिलं कोण.

पण गाण्याखेळानं सगळं होईल असं मी म्हणत नाही. नाव घेतलं तरी वळून बघत नाही, बोट करून काही दाखवत नाही, दीड वर्ष झालं तरी एक शब्द नाही, दोन वर्षाला दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, यातलं एक जरी असेल तर गाणी म्हणत घरी बसू नका. शब्द गेलेले असतील तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 ला आपल्याच महाराष्ट्रात पालघरपासून सुरू झाला, त्यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला पाठवतात, फुकट. तिथं वाचा उपचार तज्ज्ञ असावेत असं नियमात आहे.

असावेत असं म्हणतेय कारण नियमात असणं आणि खुर्चीवर असणं यात अंतर पडतं. मी चिठ्ठी देऊन पाठवलेली एक बाई लेकराला घेऊन दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून गेली, तर तिला सांगितलं आज मॅडम नाहीत, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात ती गेलीच नाही. कुठलं केंद्र ते लिहीत नाही, तिथली माणसं पण एकेक जण चौघांचं काम करतात. पण तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक वार ठरवून दिला, त्या दिवशी वाचा उपचार तज्ज्ञ नक्की बसणार असं झालं तर आम्ही सेविका लेकरं घेऊन येतो, आमची जबाबदारी.

दुसरं म्हणजे ऊसतोड. आमच्या बीडच्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर या भागातली निम्मी निम्मी गावं दिवाळीच्या आसपास रिकामी होतात ती पार उन्हाळा लागेपर्यंत. पथकाची दुसरी फेरी या काळात आली तर ती लेकरं हजेरीपटावर असतात आणि स्वतः कारखान्यावर कोपीत, म्हणजे झोपडीत असतात, कुणी सांगली कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. पहाटे कोयता घेऊन मायबाप फडात, आणि बारकं लेकरू आठ-नऊ वर्षाच्या बहिणीच्या कडेवर. त्या लेकराशी दिवसभर बोलणारी तीच. म्हणून मी जायच्या आधी त्या पोरींनाच गाणी शिकवते, कुठं थांबायचं ते पण शिकवते, आणि खरं सांगू का, त्या मोठ्या माणसांपेक्षा छान थांबतात. तिला शाळेत असायला पाहिजे हे मला पण कळतं, हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत, पण आज ती कोपीवर आहे तर आजचं बघावं लागतं. माझी मागणी एवढीच की ऊसतोडीच्या गावांत पथकाची एक फेरी सप्टेंबरमध्येच, गाड्या निघायच्या आधी व्हावी आणि लेकराच्या कार्डावर अशी नोंद व्हावी की कारखान्याजवळच्या दवाखान्यातही ती चालेल.

आम्ही सेविका दर महिन्याला लेकराचं वजन घेतो, उंची घेतो, मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकर ॲपवर भरतो, रेंज नसली तर डोंगरावर जाऊन भरतो. बोलण्याचा असा महिन्याचा हिशेब कुणी मागत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात बाळ काय करतं याची चित्रं छापलेली आहेत, किती जणींना ती दाखवून सांगितली जातात ते विचारा. 2024 मध्ये केंद्रानं तीन वर्षाखालच्या लेकरांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा आणला, त्यात खेळ, गाणी, गप्पा सगळं महिन्यावार दिलंय, कागदावर चांगलंच आहे. पण त्याचं प्रशिक्षण हॉलमध्ये पडद्यावर स्लाइड दाखवून उरकू नका. एक न बोलणारं लेकरू आणि त्याची माय समोर बसवा आणि कुठं थांबायचं ते आम्हाला करून दाखवा.

तुमच्याकडं पण एक मागणं आहे साहेब. रविवारच्या पुरवणीत एक चार ओळींचं बडबडगीत छापत जा, आपल्याकडच्या बोलीतलं, भाकरीवरचं, शेळीवरचं, एसटीवरचं, वाचकच पाठवतील. फक्त शेवटच्या शब्दाच्या जागी टिंबं टिंबं ठेवा आणि खाली बारीक अक्षरात लिहा, इथं दहापर्यंत मोजा. जागेची अडचण असेल तर राशिभविष्याच्या खाली एवढ्या ओळी सहज मावतील.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका, ता. केज, जि. बीड

(नाव छापू नये ही विनंती, आधीच मानधनाच्या मोर्चाची नोटीस येऊन पडलीय.)